पोवळ्याचा चुना, चुन्याचं पोवळं

मराठीत ज्याला पोवळं म्हणतात त्याला उर्दूत मरजान म्हणतात, बोलीत मूंगा. पोवळं हा शब्द संस्कृतातल्या ‘प्रवाल’वरून आला, मरजान अरबीतून फारसीमार्गे उर्दूत आला. सूरह रहमानमध्ये मरजान दोनदा येतो. एकदा मोत्याच्या जोडीनं आणि एकदा याकूतच्या, म्हणजे माणकाच्या जोडीनं. मोत्यासोबतच्या मरजानचा नेमका अर्थ काय, यावर जुन्या तफसीरकारांचं एकमत नाही. काहींनी लहान मोती असा अर्थ घेतला, काहींनी लाल पोवळं. उर्दू तर्जुम्यांतून वाचणारे आपण बहुतेक जण तो पोवळं म्हणूनच वाचत आलो आहोत.

हे सगळं पुन्हा उघडून बसायला कारण झालं हिंजवडी. माझा एक जुना विद्यार्थी तिथल्या आयटी पार्कात नोकरी करतो. त्यानं घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवली आहे. मध्यंतरी त्यानं एका पारदर्शक नळकांड्याचा फोटो पाठवला. आत पांढरे खडे, बाजूला गॅसचा सिलिंडर, एक बारीक नळी आणि तिच्यातून थेंब थेंब पडणारं पाणी. खाली प्रश्न होता, “सर, याला कॅल्शियम रिअॅक्टर म्हणतात. मराठीत काय म्हणायचं?”

शब्द शोधताना लक्षात आलं की वस्तू नवी असली तरी तिच्यातलं काम आपल्या फार ओळखीचं आहे. भारताच्या किनाऱ्यांवर माणसानं पिढ्यान्‌पिढ्या पोवळं भट्टीत जाळून चुना केला. आता हिंजवडीतल्या एखाद्या फ्लॅटमध्ये चुनखडी पाण्यात विरघळवून पोवळं वाढवायचं चाललं आहे. हा उलटा प्रवास कसा झाला आणि तो आपल्याला काय सांगतो, ते इथे मांडतो.

शाळेतली निवळी

शाळेत केलेला एक प्रयोग बहुतेकांना आठवत असेल. चुन्याची निवळी परीक्षानळीत घ्यायची आणि तिच्यात नळीनं फुंकायचं. निवळी दुधाळ होते. उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड आहे हे सिद्ध झालं, म्हणून आपण वही मिटतो. पण प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग बऱ्याच वर्गांत होतच नाही. फुंकत राहिलं, तर दुधाळ झालेलं पाणी हळूहळू पुन्हा नितळ होतं.

पहिल्या टप्प्यात विरघळलेल्या चुन्याची वायूशी गाठ पडते आणि न विरघळणारी चुनखडी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, तयार होते. तिचे बारीक कण म्हणजे तो दुधाळपणा. दुसऱ्या टप्प्यात वायू जास्त झाला की पाणी किंचित आम्ल होतं, चुनखडी बायकार्बोनेट होऊन विरघळते आणि डोळ्यांना दिसेनाशी होते. कॅल्शियम रिअॅक्टर म्हणजे या प्रयोगाचा हा दुसरा अर्धा भाग, दिवसरात्र चालू ठेवलेला.

स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक यांनी १७५६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून चुनखडीत अडकलेल्या या वायूची ओळख पटली. त्यांनी त्याला ‘स्थिर हवा’ असं नाव दिलं, कारण ती दगडात बसलेली होती. १७६७ साली हेन्री कॅव्हेंडिश यांनी लंडनमधल्या एका पंपाच्या जड पाण्याचा अभ्यास करून दाखवलं की त्यातली चुनखडी याच वायूमुळे विरघळून राहिली आहे. वायू निघून गेला की चुनखडी खाली बसते.

हे हिंजवडीकरांना सांगायला लंडनपर्यंत जायची गरज नाही. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यावर चालणारा गिझर वर्ष-दोन वर्षांनी उघडला की आतल्या कॉइलवर पांढरा जाड थर निघतो. पाणी तापलं, वायू उडाला, विरघळलेली चुनखडी कॉइलवर बसली. गिझर हा उलटा चालणारा कॅल्शियम रिअॅक्टर आहे.

भट्टीतलं पोवळं

दख्खनच्या पठारावर काळा पाषाण मुबलक आहे, पण चुन्याचा दगड महाराष्ट्राच्या मोठ्या भागात सापडत नाही. त्यामुळे देशावर काळ्या मातीतले चुनखडीचे खडे वेचून भाजत. कोकणात शिंपले, कालवांची कवचं भट्टीत घालत. चुना भाजणं हा लोणारी समाजाच्या एका शाखेचा पिढीजात धंदा होता. मुंबईतलं चुनाभट्टी हे स्टेशन आजही अशा भट्ट्यांचं नाव वागवतं. भट्टीत दगडातला वायू उडून जातो आणि उरतो तो कळीचा चुना. त्यावर पाणी पडलं की तो खदखदून फुटतो. मग बैलाच्या घाणीत वाळूबरोबर मळून तो भिंतीला जातो. भिंतीवर आल्यावर तो हवेतला वायू पुन्हा शोषून घेतो आणि हळूहळू परत दगड होतो. गेलेला वायू परत येतो, चक्र पूर्ण होतं.

या चक्रावर आपल्या इतिहासातल्या कितीतरी इमारती उभ्या आहेत. औरंगाबादचा बीबी का मकबरा सतराव्या शतकातला, दिलरस बानू बेगम यांच्या स्मरणार्थ बांधलेला. संगमरवर घुमटाला आणि खालच्या पट्ट्याला पुरला. मधला बराचसा शुभ्रपणा चुन्याच्या घोटीव गिलाव्याचा आहे. विजापूरच्या गोल घुमटाचा अवाढव्य भारही चुन्यानंच बांधून ठेवला आहे. ताजमहालाशी तुलना करून मकबऱ्याला ‘गरिबांचा ताज’ म्हणणारे लोक त्या गिलाव्यामागच्या कारागिरीकडे पाहतच नाहीत, याचं मला कायम वाईट वाटत आलं आहे.

जिथे समुद्रात पोवळ्याचे खडक होते, तिथे लोकांनी थेट तेच वापरले. मालदीवची राजधानी माले इथली १६५८ सालची जुनी जुम्मा मशीद पोवळ्याच्या कोरलेल्या दगडांची आहे. पूर्व आफ्रिकेतल्या किलवाची मोठी मशीदही पोवळ्याच्या दगडांची. जेद्दाहच्या जुन्या शहरातली उंच घरं तांबड्या समुद्राच्या काठावरून काढलेल्या पोवळ्याच्या चिऱ्यांनी बांधली होती. २०१४ साली युनेस्कोनं त्या वस्तीला जागतिक वारशात घेतलं. मुंबईहून हजची जहाजं १९९५ पर्यंत जात होती. त्या जहाजांनी गेलेल्या कोकणातल्या आणि देशावरच्या किती हाजींनी त्या गल्ल्या पाहिल्या असतील! भिंतीत आपल्याला मरजानचे भाऊबंद दिसताहेत, हे त्यांच्यातल्या किती जणांना माहीत असेल?

आपल्या देशातही हे झालं, आणि तितकं सुंदर नव्हतं. तामिळनाडूत मन्नारच्या आखातात तुतिकोरीनच्या आसपास पोवळ्याचे खडक फोडून घरांसाठी आणि चुन्याच्या भट्ट्यांसाठी गाडीगाडीनं नेले गेले. कच्छच्या आखातातली पोवळ्याची वाळू सिमेंटसाठी उपसली गेली. ज्या खडकाला वाढायला शेकडो वर्षं लागली, तो एका दिवसात भट्टीत जाई. हे करणारी माणसं बहुतेक गरीब होती, नफा दुसऱ्यांचा होता. पण खडक गेला तो गेलाच.

दगड, झाड की जीव

पोवळं म्हणजे नक्की काय, हे माणसाला फार उशिरा कळलं. पाण्यात मऊ असणारी आणि हवेत येताच दगड होणारी वनस्पती, अशी ग्रीक-रोमन काळापासूनची समजूत होती. अकराव्या शतकात अल-बिरुनी यांनी रत्नांवरच्या आपल्या ग्रंथात पोवळ्याला जागा दिली. बाराव्या शतकात समरकंदच्या निझामी अरूझी यांनी ‘चहार मकाला’त त्याहून मोठी गोष्ट सुचवली. सृष्टीच्या पायऱ्या सांगताना त्यांनी मरजानला खनिज आणि वनस्पती यांना जोडणाऱ्या दुव्याच्या जागी ठेवलं. फारसी शिकणाऱ्यांच्या अनेक पिढ्यांनी हे पुस्तक वाचलं.

आज मागे वळून पाहताना निझामींची कल्पना अर्धी चुकीची आणि अर्धी विलक्षण वाटते. खडक रचणारं पोवळं हा प्राणी आहे. त्याच्या शरीरात सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उजेडात अन्न तयार करतं. आणि तो प्राणी स्वतःखाली चुनखडीचा सांगाडा रचतो. प्राणी, वनस्पती आणि खनिज, तिन्ही एकाच ठिकाणी.

हा प्राणी आहे, हे ओळखलं मार्सेयच्या एका वैद्यानं. झाँ-आंद्रे पेसोनेल १७२० च्या दशकात उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोवळं काढणाऱ्यांसोबत होते. ताजं पोवळं समुद्राच्या पाण्यात ठेवून त्यांनी निरखलं, तेव्हा ज्यांना लोक फुलं म्हणत होते ती हलणारे, आखडणारे जीव निघाले. पॅरिसच्या विद्वानांनी ते मानलं नाही. मान्यता मिळायला आणखी काही दशकं गेली.

त्याच काळात हे लाल पोवळं गोव्यात येत होतं. इटलीच्या लिवोर्नो बंदरातले यहुदी व्यापारी भूमध्य समुद्रातलं पोवळं गोव्याला पाठवत आणि गोव्यातले हिंदू व्यापारी बदल्यात हिरे पाठवत. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, आयुष्यात एकमेकांचं तोंड न पाहिलेले लोक केवळ पत्रांच्या भरवशावर हा व्यवहार करत होते. आपल्याकडे मंगळाच्या अंगठीत बसणारं पोवळं असं दूरदेशी आहे. आपल्या मालवणच्या समुद्रात असतं ते वेगळं. ते दागिन्याचं नाही, खडकाचं.

जिवंत पोवळं घरात ठेवण्याचा इतिहास १८४६ पासून सांगता येतो. अ‍ॅना थिन या बाईंनी इंग्लंडच्या टॉर्की किनाऱ्यावरून काही पोवळी लंडनला नेली. पाण्यात हवा मिसळत राहावी म्हणून त्यांची मोलकरीण रोज उघड्या खिडकीशी ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत बसे. आजच्या भाषेत सांगायचं तर त्या टाकीचा पंप ती मोलकरीण होती. तिचं नाव बहुतेक पुस्तकांत येत नाही. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. आपल्याकडे १९५१ साली मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर एका पारशी दात्याच्या देणगीतून तारापोरवाला मत्स्यालय उभं राहिलं. देशावरच्या कितीतरी मुलांनी समुद्रातले मासे जिवंत पाहिले ते शाळेच्या सहलीत, तिथेच.

पण मासे जगवणं वेगळं आणि पोवळं वाढवणं वेगळं. १९६१ साली जकार्ताच्या ली चिन एंग यांनी एक साधी पद्धत लिहून प्रसिद्ध केली. समुद्रातले जीवजंतूंनी भरलेले खडक टाकीत ठेवायचे, हवेचे बुडबुडे सोडायचे, बाकी काम निसर्गावर सोपवायचं. युरोप-अमेरिकेतल्या छंदिष्टांना हे पटायला बरीच वर्षं लागली. १९७० च्या दशकात जर्मन भाषेत लिहिणाऱ्या पीटर विल्केन्स यांनी पोवळ्याला कॅल्शियम देण्यासाठी ‘काल्कवासर’ थेंबाथेंबानं सोडायला सांगितलं. काल्कवासर म्हणजे शब्दशः चुन्याचं पाणी. आपली शाळेतली निवळी! पानाच्या डबीतला चुना जर्मनीमार्गे मत्स्यालयात पोचला.

निवळीला एक मर्यादा होती. टाकीतून जेवढं पाणी उडतं तेवढीच निवळी घालता येते, त्याहून जास्त घातली तर खारटपणा बिघडतो. शिवाय ती फार तीव्र अल्कधर्मी. पोवळी मोठी झाली की त्यांची भूक निवळीनं भागत नाही. १९९० च्या दशकात जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या मत्स्यालयात काम करणाऱ्या रोल्फ हेबिंगहाउस यांनी यावर उपाय काढला, तो म्हणजे कॅल्शियम रिअॅक्टर.

नळकांड्यातला मेळ

हिंजवडी समुद्रसपाटीपासून साडेपाचशेहून अधिक मीटर उंचीवर आहे, समुद्र घाटाखाली. इथलं समुद्राचं पाणी माणसाला करावं लागतं. आरओ करून जवळजवळ शून्यावर आणलेलं पाणी घ्यायचं आणि त्यात तयार सागरी मीठ लिटरला सुमारे ३५ ग्रॅमच्या हिशेबात विरघळवायचं. नैसर्गिक समुद्रात कॅल्शियम लिटरमागे साधारण ४१० ते ४२० मिलिग्रॅम असतं आणि मॅग्नेशियम सुमारे १३००. अल्कलिनिटी, म्हणजे मुख्यतः विरघळलेल्या बायकार्बोनेटचं माप, सात-आठ अंश. टाकीत हे आकडे आधी जुळलेले हवेत. विशेषतः मॅग्नेशियम. ते कमी असेल तर कॅल्शियम पोवळ्याच्या अंगी लागण्याऐवजी पंपावर आणि काचेवर चुनखडी होऊन बसतं. रिअॅक्टर हे खड्डा भरून काढायचं साधन नाही, भरलेली पातळी राखायचं आहे. घर चालवायला पगार लागतो आणि कर्ज फेडायला वेगळी तजवीज, तसंच हे.

मांडणी अशी. नळकांड्यात चुनखडीचे खडे भरतात. एक छोटा पंप आतलं पाणी त्या खड्यांमधून गोल गोल फिरवत राहतो. टाकीतलं थोडं पाणी एका नळीनं आत येतं, तेवढंच दुसऱ्या नळीनं थेंबाथेंबानं टाकीत परत जातं. सिलिंडरमधून येणारा कार्बन डायऑक्साइड रेग्युलेटर, बारीक सुईची चावी आणि बुडबुडे मोजायची छोटी कुपी यांतून जात आतल्या पाण्यात मिसळतो. टाकीच्या पाण्याचा पीएच ८.१ च्या आसपास, तर नळकांड्यातला ६.५ ते ६.७ वर आणतात. तेवढ्या आम्लात खडे सावकाश विरघळतात.

सुरुवातीला खडे आरओच्या पाण्यात धुवून धूळ काढायची. पहिला दिवस गॅस न सोडता नुसतं पाणी फिरवायचं, म्हणजे गळती कळते आणि अडकलेली हवा निघून जाते. पीएच मोजणारी कांडी ७ आणि ४ च्या द्रावणांत तपासून घ्यायची. ती खोटं बोलू लागली तर पुढचं सगळं खोटं.

मग हिशेब. तीन-चार दिवस काहीही न घालता, रोज त्याच वेळी अल्कलिनिटी मोजायची. समजा ४०० लिटरच्या टाकीत ती दिवसाला एक अंशानं उतरते. याचा अर्थ पोवळी आणि गुलाबी चुनेरी शेवाळ मिळून रोज सुमारे ७ ग्रॅम चुनखडी रचतात, महिन्याला दोनशे ग्रॅमच्या वर. आता नळकांड्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची अल्कलिनिटी २८ अंश आहे आणि टाकीची ८. म्हणजे बाहेर पडणारं प्रत्येक लिटर २० अंशांची भर घालतं. ४०० भागिले २०, रोज २० लिटर हवं. मिनिटाला साधारण १४ मिलिलिटर. मोजपात्र आणि घड्याळ घेऊन बसलं की हे कुणालाही जमतं. सातवी-आठवीचं त्रैराशिक आहे.

जुळवायला दोनच चाव्या असतात. एक गॅसची, एक थेंबांची. गॅस वाढवला तर खडे जास्त विरघळतात. थेंब वाढवले तर पाणी जास्त जातं, पण आत कमी वेळ थांबल्यामुळे ते फिकं होतं. दोन्ही एकाच वेळी फिरवल्या तर काय कशामुळे झालं ते कळत नाही. म्हणून एक चावी जरा फिरवायची, एक दिवस थांबायचं, मोजायचं आणि मगच पुढे जायचं. टाकीची अल्कलिनिटी दिवसात एका अंशापेक्षा जास्त चढू द्यायची नाही. आतला पीएच ६.३ च्या खाली गेला तर खड्यांचा लगदा होतो, पाण्याची वाट अडते आणि सगळं बंद पडतं.

या यंत्राचं खरं सौंदर्य प्रमाणात आहे. पोवळं ज्या प्रमाणात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट घेतं, त्याच प्रमाणात ते विरघळणाऱ्या चुनखडीतून मिळतं, कारण पदार्थ एकच आहे. सांगाडा मोडला तेव्हा जे सुटलं, तेच सांगाडा रचायला लागतं. एक जास्त आणि एक कमी व्हायची भीती राहत नाही.

काही गोष्टी आपल्या घरांच्या. खिडक्या बंद करून एसीत राहणाऱ्या फ्लॅटमध्ये माणसांच्या श्वासाचा वायूच इतका साठतो की टाकीचा पीएच उतरतो, त्यात रिअॅक्टरची भर. खिडकी उघडणं हा सगळ्यात स्वस्त उपाय, थिन बाईंच्या मोलकरणीनं तोच केला होता. वीज गेली आणि गॅसची चावी इन्व्हर्टरवर पण पंप नाही, असं असेल तर गॅस आत साठत राहतो. दोन्ही एकाच बोर्डावर हवेत. सिलिंडर उभा, भिंतीला बांधलेला आणि मुलांपासून दूर. तो संपत आला की काही रेग्युलेटर दाब धरू शकत नाहीत आणि उरलेला गॅस एकदम सोडतात, म्हणून पूर्ण रिकामा होईपर्यंत वापरू नये.

राहिला नावाचा प्रश्न. गिझरला आपण गिझरच म्हणतो, रिअॅक्टरला रिअॅक्टर म्हणायला हरकत नाही. पण आत जे घडतं त्याला मराठीत आणि उर्दूतही जुना शब्द आहे. मीझान. तराजू, मेळ. मराठीत आपण म्हणतोच, हिशेबाचं मीझान लागलं नाही.

मालवणच्या समुद्राला चावी नाही

आता या छंदातली अवघड बाजू. निव्वळ मऊ पोवळ्यांना आणि माशांना रिअॅक्टर लागत नाही. तो लागतो खडक रचणाऱ्या कठीण पोवळ्यांना. आणि ती पोवळी भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, २००१ पासून, वाघाच्या पंगतीत. आपल्या समुद्रातून ती काढणं, विकणं, बाळगणं हा गुन्हा आहे आणि शिक्षा ३ ते ७ वर्षांची. मेलेला सांगाडासुद्धा त्यातच येतो. म्हणून मत्स्यालयाच्या दुकानात ‘पोवळ्याचे खडे’ म्हणून सुटं काही मिळत असेल तर ते कुठून आलं हे विचारायलाच हवं. रिअॅक्टरमध्ये घालायला दुसरी चुनखडी आहे. धुतलेला शिंपल्यांचा चुरा चालतो, तो कोंबड्यांच्या खाद्यातही असतो. एका समुद्राचं पोवळं फोडून दुसऱ्या टाकीतलं पोवळं वाढवणं हा तुतिकोरीनच्या भट्टीचाच नवा अवतार होईल.

माझ्या विद्यार्थ्याला एका विक्रेत्यानं कागदपत्रांशिवाय कठीण पोवळं देऊ केलं होतं. “सर, समुद्रात तसंही मरतंय, माझ्याकडे तरी जगेल,” असं तो म्हणाला. हा युक्तिवाद सोपा नाही. कारण त्यातला पहिला अर्धा भाग खरा आहे.

औद्योगिक काळाच्या आधी हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दहा लाखांत सुमारे २८० होतं. आज ते ४२० च्या वर आहे. त्यातला मोठा वाटा समुद्र शोषून घेतो. समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला आहे. आकडा किरकोळ वाटतो, पण पीएचचं माप असं आहे की याचा अर्थ आम्लता सुमारे तीस टक्क्यांनी वाढली. नळकांड्यात जे आपण मुद्दाम करतो तेच जगाच्या समुद्रात, मंद गतीनं, न ठरवता चाललं आहे. फरक एवढाच की नळकांड्यात विरघळतात ते मेलेले खडे. समुद्रात सांगाडा रचणं जिवंत पोवळ्याला अवघड होत जातं.

त्यात उष्णता. पाणी फार तापलं की पोवळं आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. लक्षद्वीपच्या खडकांनी १९९८, २०१० आणि २०१६ साली हे सोसलं. तिथली वस्ती जवळजवळ सगळी मुस्लिम, मासेमारीवर जगणारी. त्यांच्या पायाखालची बेटंच पोवळ्यांनी रचलेली आहेत. आपल्या महाराष्ट्रात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पोवळी आहेत. १९८७ साली मालवणच्या समुद्राला अभयारण्य म्हणून घोषित केलं. विजयदुर्गापासून खोल समुद्रात कान्होजी आंग्रे यांच्या नावाची आंग्रिया बँक आहे, पाण्याखालचं पोवळ्यांचं पठार. देशावरच्या फार थोड्या लोकांनी तिचं नाव ऐकलं असेल.

विद्यार्थ्याच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग मात्र खरा नाही. विकत घेतलेलं प्रत्येक तुकडं पुढच्या तुकड्यासाठी कुणाला तरी छिन्नी घेऊन पाण्यात पाठवतं. आणि हिंजवडीतली टाकी कितीही चांगली चालली, तरी तिच्यातून मालवणला काही परत जात नाही. त्यानं ते पोवळं घेतलं नाही. रिअॅक्टर आता त्याच्या टाकीतल्या खडकांवर वाढणाऱ्या गुलाबी शेवाळासाठी आणि गोगलगाईंच्या शंखांसाठी मंदपणे चालतो. गरजेपेक्षा मोठं यंत्र आहे, असं तो स्वतःच हसून सांगतो.

ज्या सूरह रहमानमध्ये मरजान येतो, तिच्या सुरुवातीलाच मीझानचाही उल्लेख आहे, आणि त्याचा तोल बिघडवू नका अशी ताकीद. मी काही आलिम नाही, तफसीर सांगायला बसलेलो नाही. भाषेचा शिक्षक म्हणून एवढंच दिसतं की एका सूरहमध्ये ही दोन नावं काही आयतींच्या अंतरानं आहेत, आणि चुनखडीच्या नळकांड्याशी दोन दिवस बसलेल्या माणसाला ती जवळ आणावीशी वाटतात. चारशे लिटर पाण्याचा मेळ सांभाळायला एक माणूस, दोन चाव्या, रोजची मोजणी आणि इतका धीर लागतो. समुद्राला चावी नाही. तिथे आपल्या हातात फक्त एवढंच आहे की त्यातून काय काढायचं नाही आणि त्याच्या माथ्यावरच्या हवेत काय सोडायचं नाही.

शेवटी एक विनंती. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातल्या वाचकांच्या घरी शिंपल्यांच्या भट्टीच्या आठवणी असतील, भट्टीतल्या कामाचे, मापांचे, अवजारांचे शब्द कुणाच्या आजी-नानींच्या बोलण्यात असतील, तर लिहून ठेवा आणि मला कळवा. चुन्याच्या भिंती संपत आल्या आहेत. त्यांचे शब्द तरी राहावेत.